ठकुबाईची फेरी

निपाणीत शिवलीलाच्या घरासमोर ठकुबाई नावाची एक बाई राहायची. सकाळी दारात पाट टाकून बसली की दिवेलागणीपर्यंत उठायची नाही, आणि गल्लीत कुणाचं काय बिघडलंय ते नाव घेऊन, खड्या आवाजात, सगळ्यांना ऐकवायची. कुणाची तोटी गळतेय, कुणाच्या पोरानं कुणाची काच फोडली, काही सुटायचं नाही. लोक तिला शिव्या घालायचे आणि तोटी दुरुस्त करायचे. पुढे बंगलोरला आल्यावर शिवलीलानं मल्लेश्वरममध्ये एक मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, बसवलं आणि त्याला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा तिला दुसरं नाव सुचलंच नाही.

गोष्ट नव्व्याण्णव सालची. शिवलीला एका कंपनीत नोकरी करायची, राहायची बायकांच्या हॉस्टेलात, आणि उरलेला सगळा जीव तिनं त्या मशीनला लावलेला होता. मशीन होतं कृष्णमूर्तींच्या घराच्या वरच्या खोलीत. कृष्णमूर्ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, कपाळावर गंध, घरात दोन फोन. त्यातला एक त्यांनी शिवलीला आणि तिच्या सोबतच्या पोरांना देऊन टाकला होता, कारण आपल्या अक्षरांसाठी कुणी काही करतंय याचं त्यांना कौतुक होतं. सिंगापूरच्या पुतण्यानं आणलेला सीडी लिहायचा ड्राइव्हसुद्धा त्यांनी शिवलीलाच्या हवाली केला होता. तो तिनं ठकुबाईच्याच पोटात बसवला. अशी वस्तू तेव्हा सहजासहजी मिळत नसे.

तर ही पोरं करत काय होती? कॉम्प्युटरवर कन्नड आणि मराठी नीट लिहिता यावं म्हणून सॉफ्टवेअर. तेही असं, की कोड सगळ्यांना उघडा. घ्या, वापरा, सुधारा, वाटा. नातेवाइकांना हे काही केल्या समजायचं नाही, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. एकूण चार प्रकल्प होते. पडद्यावर अक्षरं उमटवायचं काम ‘पाटी’चं, आणि ती हंबीररावांची. ‘लेखणी’ म्हणजे लिहिण्याचं सॉफ्टवेअर, ते सुशांतचं. ‘छाप’ कागदावर छापायचं, ते पुण्याहून अंजली सांभाळायची. चौथी ‘बोलकी’. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारी. ती महांतेश मास्तरांची, आणि मास्तर स्वतः जन्मापासून आंधळे.

चौघींचा संसार एकात एक गुंतलेला. पाटीत जरा काही हललं की लेखणी लंगडायची, नाहीतर छाप कागद कोरा सोडायची. आणि प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगायचा की माझ्याकडं चालतंय. या ‘माझ्याकडं चालतंय’नं शिवलीलाचं पित्त इतकं खवळायचं, की एका उन्हाळ्यात तिनं पदर खोचला आणि चारही प्रकल्पांच्या टेस्ट लिहून काढल्या. मग रोज दुपारी, जेवायच्या सुट्टीत, ठकुबाई फेरीला निघायची. फोन लावून सगळ्यांचा नवा कोड उतरवायची, चौघींना एकत्र जुळवायची, प्रत्येकीची परीक्षा घ्यायची. एखादी नापास झाली की शिवलीलानं टेबलावर लावलेला लाल झिरोचा बल्ब पेटायचा, आणि मेलिंग लिस्टवर सगळ्यांना मेल जायचं, की अमुक माणसाच्या अमुक बदलानं तमुक मोडलं. नावासकट. पुरुष मंडळींना हे फार लागायचं. हंबीरराव तर म्हणायचे की बाई, चारचौघांत कशाला, कानात सांगायचं. शिवलीला म्हणायची की कानात सांगितलं तर कानातच राहतं.

हंबीरराव वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. मूळचा कोल्हापूरचा, आता बंगलोरात नोकरीला, मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा. रात्रंदिवस खपून त्यानंच पाटी उभी केली आणि बाकीच्यांना गोळा केलं. पण आपण पाया घातला म्हणजे घर आपलंच, असं त्याला मनातून वाटायचं. चाल वाघासारखी, आणि दुसऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर तयार. अशा माणसाबरोबर काम करताना आपणही थोडं बेरकी व्हावं लागतं, आणि शिवलीला ती जात्याच होती.

त्या वर्षी दसऱ्याच्या महिनाभर आधी एका कॉम्प्युटरच्या मासिकानं निरोप धाडला. दिवाळी अंकाबरोबर सीडी द्यायची आहे, तीत तुमचं सॉफ्टवेअर घालतो, वेष्टनावर सगळ्यांची नावं छापतो. हजारो लोकांच्या हातात जाणार होती ती सीडी. शिवलीलाच्या आप्पाजींनी, म्हणजे वडिलांनी, निपाणीच्या बाजारात एव्हाना निम्म्या लोकांना सांगून टाकलं होतं की लेकीचं नाव छापून येतंय. हंबीररावांच्या अंगात तर वारंच शिरलं. त्यांनी पंधरवडाभर झोप सोडून नवी पाटी लिहिली. जुनी एकेक अक्षर उमटवत जायची, नवी अख्खी ओळ चित्रासारखी पडद्यावर आणून ठेवायची. अक्षरं अशी ठसठशीत आणि झरझर, की सुशांत पाहतच राहिला. खरं सांगायचं तर शिवलीलाही पाहत राहिली.

दुपारी ठकुबाईची फेरी झाली आणि लाल बल्ब पेटला. लेखणी पास, छाप पास, बोलकी नापास.

बोलकीची टेस्ट साधी होती. बोलकी सुरू झाली की पहिल्यांदा एक वाक्य बोलायची, ‘कोण आहे तिकडं?’ मास्तरांनी ते स्वतःच्या आवाजात भरलेलं, कारण वर्गाचं दार वाजलं की ते हेच विचारत. हे वाक्य पडद्यावर येतं आणि त्याचा आवाज निघतो, एवढंच ठकुबाई तपासायची. आता वाक्य पडद्यावर झळकत होतं आणि आवाज निघत नव्हता. कारणही शिवलीलाच्या लगेच ध्यानात आलं. जुन्या पाटीतून अक्षर पडद्याकडे जाताना बोलकी ते वाटेत उचलायची. नव्या पाटीत वाटेवर अक्षरच नव्हतं, नुसतं चित्र. चित्राला ती काय वाचणार? बिचारी मुकी झाली.

हंबीररावांनी येऊन मॉनिटरकडे बोट दाखवलं, की हे काय, दिसतंय की सगळं. शिवलीला म्हणाली, दिसतंय ना, म्हणूनच तुमच्या लक्षात आलं नाही. मग त्यांनी हिशेब मांडला. ठकुबाईचे निम्मे बल्ब मास्तरांच्या पायी पेटतात. मास्तर मेलला उत्तर देत नाहीत. बोलकीचा कोड वाचवत नाही. आणि वापरतं कोण, तर त्यांच्या शाळेतली दहा-बारा पोरं. त्यांच्यासाठी हजारोंना थांबवायचं का? तेव्हा बोलकीला फेरीतून काढा, सीडीवर तिघीच जाऊ देत, मास्तरांनी जुनी पाटी वापरावी.

यातलं बरंचसं खरं होतं, आणि तेच शिवलीलाला जास्त झोंबलं. मास्तरांचा कोड वाचताना तिनं स्वतः कितीदा कपाळ बडवून घेतलं होतं. माणूसही असा तिरसट, की मदत केली तर आभार दूर, वर चूक काढायचा. तिनं हंबीररावांना होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. शनिवारी बस पकडली आणि जयनगरला, मास्तरांच्या अंध मुलांच्या शाळेत गेली.

शाळा एका जुन्या बंगल्यात होती. एका खोलीत एकुलता एक कॉम्प्युटर, मॉनिटरवर कापड टाकलेलं, आणि पुढ्यात सिद्धी नावाची नववीतली मुलगी बसलेली. ती एक ओळ टाइप करायची, बोलकी ती वाचायची, मग मुलगी ती खोडायची, आणि पुन्हा वेगळी लिहायची. हेच तिचं चाललं होतं. शिवलीलाला वाटलं पोरगी शिकतेय. मास्तर म्हणाले, शिकतेय कुठली, मजा करतेय. ब्रेलच्या पाटीवर ठिपके उठवायचा टोचा एकदा टोचला की टोचला. चुकलं तर कागद फेकून पहिल्यापासून. या पोरांना जन्मात कधी खोडायला मिळालं नव्हतं. आता ती लिहिण्यापेक्षा खोडतातच जास्त.

मग कळलं ते असं, की दसरा झाल्यावर शाळेला आठ नवे कॉम्प्युटर मिळणार होते. मास्तर कुणाकुणाच्या दारात बसून ते मिळवत होते आणि हे त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. ज्या माणसाकडं ते बसवायचं काम होतं, तो सरळ मासिकाची सीडी घालून जाणार होता. त्या नव्या मशीनवर जुनी पाटी चालणारच नाही, हे शिवलीलाला ऐकताक्षणी समजलं. म्हणजे बोलकी सीडीवर नसली, किंवा असून मुकी असली, तर आठ टेबलांवर आठ डबे, आणि सिद्धी परत टोच्यावर.

तिनं हंबीररावांचा बेत सांगून टाकला. दया-माया मास्तरांच्या चेहऱ्यावर शोधून सापडली नसती.

“काढायचं असेल तर काढा म्हणावं,” ते म्हणाले. “पण इथं येऊन, या पोरांसमोर सांगा. मेल टाकून नको.”

परतीच्या बसमध्ये शिवलीलानं ठरवलं ते ठरवलं. बोलकी फेरीतून निघणार नाही. सीडी गेली तर चौघींची जाईल, नाहीतर एकीचीही नाही. आप्पाजींचं तोंड डोळ्यांपुढं आलं, तरी तिनं ठरवलेलं बदललं नाही.

सोमवारी ती खोलीत आली तर बल्ब विझलेला. हंबीररावांनी येऊन बोलकीचं नाव फेरीतून पुसून टाकलं होतं, आणि ठकुबाई लिस्टवर कळवून मोकळी झाली होती की सगळं आलबेल. शिवलीलाला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. खोटं बोलायला लावलं होतं तिच्या ठकुबाईला. तिनं नाव परत घातलं, बल्ब पेटला. दुसऱ्या दिवशी नाव पुन्हा गायब. तिनं पुन्हा घातलं. असं चार-पाच वेळा झालं, आणि लिस्टवर असा गदारोळ उठला की परदेशातले दोघं-तिघं घाबरून गप्प झाले. शेवटी हंबीररावांनी मत घेतलं. सुशांत त्यांच्या बाजूनं गेला, कारण त्याला सीडी हवी होती आणि तो नुकता पुण्याहून आलेला, हंबीररावांच्या ओळखीवर नोकरीला लागलेला. अंजलीनं दुःख व्यक्त करून त्यांनाच मत दिलं. मास्तरांनी नेहमीप्रमाणे उत्तरच दिलं नाही. शिवलीला एकटी पडली.

तिनं लिस्टवर लिहिलं, की मत तुमचं, फेरी माझी. ज्याला कुणाला काढायचंय त्यानं माझ्यासमोर, खोलीत येऊन काढावं.

हंबीररावांनी वेगळीच वाट काढली. आयुधपूजेच्या दिवशी सीडी द्यायची असं त्यांनी मासिकाला परस्पर कळवलं. त्यात डाव होता. म्हैसूरकडच्या या मुलखात आयुधपूजेला कामाच्या हत्यारांची पूजा होते. बसला केळीचे खुंट बांधतात, रिक्षाच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, आणि पूजा झालेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हातात घेत नाही. कृष्णमूर्तींच्या घरात तर हे फारच कडक. म्हणजे त्या दिवशी ठकुबाईला सुट्टी. ना फेरी, ना बल्ब, ना नावासकट मेल. शिवलीलाच्या नाकावर टिच्चून सीडी निघून जाईल, आणि भांडायला काही कारणच उरणार नाही.

शिवलीलाला तारीख कळली तेव्हा डाव कळला. ती आधी चडफडली. मग एकदम तिला काहीतरी आठवलं आणि ती खोलीत एकटीच हसली. हंबीररावांनी सगळा विचार केला होता, फक्त एक गोष्ट सोडून. सीडी लिहिणं त्यांच्या लेखी चहा टाकण्यासारखं होतं, कुणीतरी बाई करते आणि होऊन जातं. ते कुठल्या मशीनवर होतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

पूजेच्या सकाळी ती नवी साडी नेसून, मास्तरांना रिक्षात घालून मल्लेश्वरमला आली. कृष्णमूर्तींनी खोली धुऊन घेतली होती. ठकुबाईला हळदकुंकू झालं, शेवंतीची माळ पडली. त्या घरची रीत अशी, की ज्याचं हत्यार त्यानंच पूजा करायची, आणि दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून, जागेवरून थोडं हलवून, त्यानंच ते उठवायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. शिवलीलानं मशीनपुढं चार फ्लॉप्या मांडल्या, पाटी, लेखणी, छाप, बोलकी, आणि चारींना कुंकू लावलं. कृष्णमूर्तींनी मंत्र म्हटले. दारात कोहळा फुटला. चुरमुरे, डाळं आणि गुळाच्या पुड्या वाटल्या गेल्या. मास्तर एका खुर्चीत बसून पुडी संपवायला लागले.

दुपारी हंबीरराव आले, मागं सुशांत. त्यांच्या स्कूटरलाही हार घातलेला. खिशात नव्या पाटीच्या फ्लॉप्या, चेहऱ्यावर सणाचं तेज. मास्तरांना पाहून जरा चपापले, पण नमस्कार केला. आणि मोठ्या उदारपणे म्हणाले की शिवलीला, झालं गेलं विसरून जाऊ, तेवढी सीडी लिहून टाक, संध्याकाळी मासिकाचा माणूस येतोय.

शिवलीलानं नुसतं ठकुबाईकडं बोट केलं.

हंबीररावांनी पाहिलं. माळ पाहिली, कुंकू पाहिलं, आणि माळेच्या मागून डोकावणारा सीडीचा ड्राइव्ह पाहिला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांनी सगळं करून पाहिलं. आपल्या कंपनीतल्या ड्राइव्हची आठवण काढली, तर कंपनीला कुलूप आणि तिथल्या मशीननाही हार. ड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनमध्ये घालू म्हणाले, तर कृष्णमूर्तींनी असं पाहिलं की ड्राइव्हकडं गेलेला हात त्यांनी मागं घेतला. शेवटी ते कृष्णमूर्तींना विनवायला लागले, मोडक्या कन्नडमध्ये, की सर, स्वल्प, अगदी पाच मिनिटं. कृष्णमूर्ती शांतपणे म्हणाले की मला विचारू नका, जिनं पूजा केली तिला विचारा.

सगळे शिवलीलाकडं वळले. सुशांतच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्याला खरंच वाईट वाटत होतं आणि तिलाही त्याचं वाईट वाटलं, पण मागं सरायला ती आली नव्हती.

“आज ती उठणार नाही,” शिवलीला म्हणाली. “उद्या सकाळी उठेल. आधी फेरी करील, मग सीडी लिहील. आणि फेरी चौघींची होईल.”

“मत झालंय, शिवलीलाबाई.” हंबीररावांचा आवाज चढला. “तिघींचं ठरलंय.”

“पूजेला चौघी मांडल्या. उठवताना तीन कशा उठवू?”

कृष्णमूर्तींना शिवलीलानं तेच कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी चारी फ्लॉप्यांवरचं कुंकू नीट पाहून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, सरी, म्हणजे बरोबर आहे. त्या घरात त्यापुढं बोलायला जागाच उरत नसे.

हंबीरराव भडकले. मग सीडी जाऊ दे गटारात, म्हणाले, एवढी मेहनत, सगळ्यांची नावं, तुझंसुद्धा. शिवलीला म्हणाली की जाऊ दे. अगदी सहज म्हणाली. पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा तेच म्हणाली असती, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

खाली जाऊन हंबीररावांनी मासिकाला फोन लावला, सीडी येत नाही म्हणून सांगायला. वर आले ते विचित्र चेहऱ्यानं. पलीकडच्या माणसानं सांगितलं होतं, बरं झालं तुम्हीच फोन केलात, आज घेऊन तरी काय करणार, सीड्या छापायच्या कारखान्यातही पूजा झालीय, तिथली मशीन उद्यापर्यंत कोण चालू करतंय? उद्या संध्याकाळी द्या. सुशांत हसला आणि हंबीररावांकडं पाहून खिडकीबाहेर बघायला लागला.

म्हणजे एक दिवस मिळाला होता, आणि त्या दिवसात कुणालाही कशालाच हात लावता येत नव्हता. हंबीररावांसारख्या माणसाला ही शिक्षाच. ते खोलीत येरझारा घालत राहिले. मास्तरांनी त्यांच्या पावलांच्या रोखानं तोंड वळवलं, बसा म्हणाले, चुरमुरे खा, तुमचं चालणं ऐकून माझेच पाय दुखतायत. हंबीरराव बसले. आणि मास्तरांनी, न विचारता, सिद्धीचं खोडणं सांगितलं, टोच्याचं सांगितलं, आठ कॉम्प्युटरचं सांगितलं. विनवणी एका शब्दाची नाही. शेवटी एवढंच म्हणाले की बोलकीला काढणार होता म्हणे, तर सांगा, मी समोर बसलोय.

हंबीररावांनी पुडीतलं डाळं निवडत बसण्याचं नाटक केलं. सांगितलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मास्तरांसकट सगळे पुन्हा जमल्यावर, शिवलीलानं अक्षता टाकल्या, ठकुबाईला बोटभर सरकवलं आणि चालू केलं. हंबीररावांच्या फ्लॉप्या तिनं स्वतः घातल्या. फेरी निघाली. पाटी पास, लेखणी पास, छाप पास. आणि सगळ्यांच्या देखत लाल बल्ब पेटला. सुशांतनं हळूच विचारलं की आता? शिवलीला खुर्चीवरून उठली, खुर्ची मागं ओढली आणि हंबीररावांपुढं धरली.

ते बसले. पुटपुटत, कुरकुरत, मास्तरांच्या कोडला शिव्या देत बसले. पण कामाला लागल्यावर हंबीरराव म्हणजे हंबीरराव. चित्र पडद्याकडं जाऊ द्यायचं आणि त्याच वेळी अक्षरं बाजूच्या वाटेनं बोलकीकडं पाठवायची, एवढंच करायचं होतं. पाटी किंचित मंदावणार होती, आणि तेच त्यांच्या जिवावर आलं होतं. मध्येच एकदा त्यांनी मास्तरांना कोडातलं काहीतरी विचारलं आणि मास्तरांनी चक्क सरळ उत्तर दिलं. सुशांत कॉफी घेऊन आला. ती गार झाली तरी कुणाला कळलं नाही.

दुपारी, रोजच्याच वेळेला, फेरी पुन्हा निघाली आणि बल्ब विझला. हंबीररावांनी मान मागं टाकली आणि विचारलं की झालं का तुमच्या मनासारखं, दिसतंय ना सगळं?

“दिसतंय,” शिवलीला म्हणाली. तिनं हात पुढं करून मॉनिटर बंद केला. “आता चालवा.”

पडदा काळा झाला. हंबीरराव तिच्याकडं बघत राहिले. मग ते कीबोर्डकडं वळले, आणि शिवलीलानं त्या माणसाला पहिल्यांदाच सावकाश काही करताना पाहिलं. बोटं चाचपत होती. एकदा चुकली, खोडलं, आपण काय खोडलं ते कळेना, पुन्हा पहिल्यापासून. बोलकी अजून सुरू झालेली नव्हती, त्यामुळं सांगणारंही कुणी नव्हतं. शेवटचं बटण दाबून ते हात मांडीवर घेऊन बसले, आणि क्षणभर खोलीत काहीच झालं नाही.

मग त्या काळ्या पडद्यामागून खरखरीत आवाज आला, “कोण आहे तिकडं?”

“मी आहे, मास्तर,” हंबीरराव पटकन म्हणाले. “मी, हंबीरराव.”

“मी कुठं विचारलं?” चुरमुरे खाता खाता मास्तर मागून म्हणाले. “तिनं विचारलं.”

सुशांत हसला, खालून कृष्णमूर्तींनी काय झालं म्हणून विचारलं, आणि हंबीरराव मान खाली घालून त्या बंद मॉनिटरसमोर तसेच बसून राहिले. शिवलीलानं त्यांना उठवलं नाही. त्यांच्या खांद्यावरून हात घालून तिनं ड्राइव्ह उघडला आणि कोरी सीडी आत सरकवली.